तेरावी दाढ

रविवार कारंजाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर
मी कवळ्या करतो. एकतीस वर्षं झाली.
तोंड दिसत नाही मला कुणाचं,
डॉक्टरांकडून नुसता गुलाबी ठसा येतो
आणि चिठ्ठीवर आडनाव.
पण ठसा बोलतो:
हा एकाच बाजूने चावणारा,
हा झोपेत दात खाणारा,
ह्या बाईने अडकित्ता कधी शोधलाच नाही.

मार्चमध्ये खैरनार मॅडम आल्या, प्राणिशास्त्राच्या.
रुमालात एक दाढ. खरी नव्हे, साच्याचा साचा.
मूळची पॅटागोनियात सापडली म्हणे.
"सहा कोटी वर्षं," त्या म्हणाल्या,
बसचा नंबर सांगावा तसं.
"प्लॅटिपसच्या गोतावळ्यातली. बारा प्रती द्या,
पोरांच्या हातात जीवाश्म म्हणून ठेवायला."
मी विचारलं, बाकीचा प्राणी?
बाकीचा नाही.

भिंगाखाली धरली.
दोन उंचवटे, मध्ये घळ,
घळीच्या उतारावर जरा झिजलेलं.
म्हणजे चावलंय हिनं.
पोट होतं हिच्यामागे. कुठलीतरी संध्याकाळ होती,
चिखल होता,
कवचाचं काहीतरी कडकन फुटलं होतं.

प्लास्टर आळेपर्यंत मॅडम स्टुलावर बसून सांगत होत्या.
ऑस्ट्रेलियात एक जबडा, दहा कोटी वर्षांमागचा,
तुकडाच, तीन दाढांचा, अख्खा ओपल झालेला,
खड्यांबरोबर खाणीतून निघालेला.
मला बाबा आठवले.
सराफ बाजारात ते शुक्र बिघडलेल्यांना
ओपल बसवून द्यायचे अंगठीत,
गिऱ्हाईक गेलं की म्हणायचे,
दगडच तो, पण बघ, आत काहीतरी हलतंय.

मग एक कवटी, दीड कोटीची, दातांसकट.
मग फार काही नाही.
मग आजचा प्लॅटिपस: पिल्लाला येतात इवल्या टिकल्या,
बिळातून बाहेर पडता पडता गळून जातात,
पुढचा जन्म बोळका.
अंडी घालतो आणि दूधही पाजतो.
मी म्हटलं, दुतोंड्या मारुतीच की आपला.
त्या हसल्या नाहीत.

आणि आपल्याकडे?
आपल्याकडे तेव्हा जेमतेम निवत आलेला लाव्हा.
पाथर्डीच्या खाणीत काळा दगड फुटला
की पोकळीतून पांढरे सुळे निघतात,
लहानपणी मी एक आणला होता घरी,
राक्षसाची अक्कलदाढ म्हणून.
स्फटिक तो.
कुणाच्याच तोंडात नव्हता कधी.

एवढ्यात गिरणाऱ्याच्या ठकूबाई थेटे वर आल्या,
मोडक्या कवळीचे दोन तुकडे मुठीत.
"ही कोणाची वं दाढ?"
सांगितलं जमेल तसं.
"म्हंजी आजीला दात, आन् नात बोळकी?"
तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या
की मॅडमही हसल्या शेवटी.

फळीवर माझ्याकडे सात कवळ्या आहेत,
न्यायला कुणी न आलेल्या.
एक ओझरची. एक देवळाली कॅम्पची, पारशी आडनाव.
एकीची चिठ्ठी ओलीने पुसून गेली.
मी फोन करत नाही.
एकदा केला होता. पलीकडून मुलगा म्हणाला, "हो का,"
आणि मग बराच वेळ पंख्याचा आवाज.

बारा प्रती कापसात बांधून दिल्या.
तेरावी का ओतली, सांगता येणार नाही.
प्लास्टर उरलं होतं.
कडा घासल्या. बुडाशी माझा अंगठा उमटला होता,
तो राहू दिला.
आठवी म्हणून फळीवर ठेवली,
चिठ्ठी लिहायला घेतली, आडनावापाशी अडलो.
मग लिहिलं:
वरची, उजवी. मापाला बरोबर.
येतील तेव्हा बघू.