काच निवताना

इलोना कोवाच आणि मी
टोलेडोतल्या बरण्यांच्या कारखान्यात एकाच पट्ट्यावर, रात्रपाळीला.
ती बरणी दिव्यासमोर धरते, एकदाच फिरवते.
तडा दिसायच्या आधी ऐकू येतो, म्हणते.
स्वतःच्या घरातला मात्र ऐकू आला नाही.

एमेट गेला. पती गेला तो गेला,
जाताना पतही घेऊन गेला:
दोघांच्या नावावरची तीन कार्डं, तिन्ही गळ्यापर्यंत भरलेली,
आणि मासेमारीची एक बोट, जी तिनं कधी पाहिलीसुद्धा नाही.
चारशे अठ्ठ्याण्णव.
हा आकडा तिला उभ्याउभ्या सांगण्यात आला,
वीज कंपनीच्या खिडकीशी, अनामत मागताना.
मागं रांग होती, आणि रांगेला कान असतात.

मग क्रेडिट युनियनमधल्या मिसेस प्रुइट म्हणाल्या,
तीनशे डॉलर आमच्याकडे ठेवा, तीनशेचं कार्ड घ्या.
"म्हणजे माझी मीच जामीन?"
"सध्या तरी दुसरं कोण आहे?"
इलोना हसली. त्या वर्षातलं तिचं पहिलं हसू,
असं तीच सांगते. मी तिथं नव्हतो.

कार्डावर एकच गोष्ट: पेट्रोल, वीस डॉलरचं,
पंधरवड्यातून एकदा. बाकी सगळं रोख, नाहीतर नाहीच.
मुदत बाराची, ती भरायची दहाला,
पूर्ण. 'किमान रक्कम' नावाची जी बारीक ओळ असते
तिच्यावर अंगठा ठेवायची, मोह नको म्हणून.

आम्ही विचारायचो, वाढला का गं आकडा?
ती भट्टीपलीकडच्या लांब बोगद्याकडे बोट दाखवायची,
जिथून बरण्या तासभर सरकत असतात, निवत निवत.
"घाईनं गार केली तरी वरून छानच दिसते," म्हणायची,
"झाकण लावताना फुटते."

पाचशे साठ. सहाशे बारा.
मग गाडीचं कर्ज फिटलं, आणि त्याच महिन्यात आकडा चक्क नऊनं खाली.
कर्ज फेडलं म्हणून पत उतरते
हे तिला कुणालाच नीट समजावता आलं नाही, मिसेस प्रुइटनासुद्धा.
दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी दहा तारीख होती.

सहाशे नव्वदनंतर पाकिटं यायला लागली, जाड, चकचकीत:
अभिनंदन इलोना, तुमची निवड झाली आहे.
तिनं त्यांच्या घड्या करून
धुण्याच्या यंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली सारल्या.
भाचा आला, मोटारसायकलच्या कर्जावर सही मागत.
त्याला तिनं भरल्या कोबीचे रोल वाढले, पोटभर.
सही दिली नाही.
थँक्सगिव्हिंगला तो आला नाही. खुर्ची तिनं मांडली होती.

सातशे एकतीस.
आणि जानेवारीत, नळ गोठायच्या आठवड्यात,
तळघरातली घर तापवणारी भट्टी विझली ती विझलीच.
दुरुस्तीवाला म्हणाला, नवीच लागेल, हप्ते आम्हीच बांधून देतो,
सव्वीस टक्के. आत्ता सही, आत्ता ऊब.
तिनं कोट चढवला, त्यावर एमेटचा विसरलेला कोट,
रात्र तशीच काढली, सकाळी बसनं क्रेडिट युनियन गाठलं.
सात टक्के. चार वर्षं.
आणि कुणीतरी म्हणालं, बसा ना.
बसायचं असतं हेच तिला क्षणभर सुचेना.

नवी भट्टी सुरू झाली त्या रात्रीचं तिनं मला सांगितलं:
खाली एकदा धप्प, मग लांबलचक फुंकर,
आणि ती पलंगावर पडून ऐकत होती, कुठं तडकतंय का.
मग उठली, कॅलेंडरवर दहा तारखेभोवती
आणखी एक गोल काढला,
काटा चौसष्टवर ठेवून झोपली.

"अडुसष्ट परवडलं असतं की," मी म्हणालो.
"परवडलं असतं," ती म्हणाली,
आणि पुढची बरणी दिव्यासमोर धरली.