आजवरचे सरपंच

पत्रा सहा बाय चार. निळा इनॅमल, दोन हात.
दोरीला खडूची भुकटी चोळून ओळी झटकल्या.
वर गोल अक्षरात : ग्रामपंचायत कायठाव.
खाली चार रकाने. अ. क्र., नाव, पासून, पर्यंत.
ग्रामसेवक म्हणाला, पुढच्या साली नगरपंचायत होतीय,
मग सरपंच हा शब्दच ऱ्हाणार नाही,
एकदा सगळं नीट लिहून टाक.
अक्षरामागं सहा रुपये. काना-मात्रा फुकट.

सगळं म्हणजे कुठून?

फसली तेराशे नऊ, असं म्हातारे सांगतात.
सिंदफणेच्या काठून अकरा घरं उठली
आणि इथं थांबली, कारण इथं एक बाभूळ हिरवी होती
आणि एका बाईचे दिवस भरले होते.
निजामाचा गिरदावर घोड्यावरून आला,
गाँव का नाम?
ओली बाळंतीण पालातून म्हणाली, काय ठाव.
त्यानं ते उर्दूत, उजवीकडून डावीकडं, लिहून घेतलं.
बाईचं नाव लिहायला त्याच्या कागदात रकाना नव्हता.
माझ्याही पत्र्यावर नाही.

मग माली पाटील, मग पोलीस पाटील,
ते ह्या फलकात बसत नाहीत.
रझाकारीत चावडीचं दफ्तर ज्वारीच्या पेवात लपवलं होतं.
वर काढलं तेव्हा कागदांना आंबूस वास,
आणि पहिली चाळीस पानं वाळवीच्या पोटात.

एक. मन्मथअप्पा शिवलिंगअप्पा कोरे, सत्तावन ते सहासष्ट.
पहिला ठराव : कोंडवाड्याला दार बसवणे.
दुसरा ठराव : दाराचे पैसे कुठून आणणे.
तीन. सय्यद मकबूल सय्यद हुसेन.
बहात्तरला खडी फोडायला हाच आधी बसला,
हजेरीपटावर स्वतःचं नाव सरपंच न लावता.
त्याचा 'क्ष' नव्हता नावात, बरं झालं,
'क्ष' मला कधीच जमला नाही.

जुना फलक माझ्या बापानं रंगवलेला.
त्यावर पाचानंतर सहा येतो, कुठं फट नाही.
पण ठरावाच्या वहीत आहे :
निवृत्ती गंगाराम कांबळे.
दोन गट भांडले म्हणून तिसरा निवडला,
पाच फेब्रुवारी चौऱ्याऐंशी.
चौदा ऑगस्टला अविश्वास. नवातले सात हात वर.
सदरा आदल्या दिवशीच इस्त्री करून
खुंटीला टांगलेला होता, झेंड्यासाठी.
बापानं ती ओळ गाळली
आणि पुढच्याचा 'पासून' सहा महिने मागं ओढला.
सांगितलं होतं कुणी. कुणी, ते तो मरेपर्यंत बोलला नाही.

ग्रामसेवक म्हणतो, जाऊ दे, जागा पुरायची नाही.
मी चार नंबरचा ब्रश ठेवला, दोन नंबरचा घेतला.
जागा पुरली.

दुपारी प्रयागबाई ढोबळे आल्या, अनुक्रमांक दहा.
पाच वर्षं त्या कचेरीच्या पायरीवर
आणि नवरा खुर्चीत.
फक्त एकदा, टँकर परस्पर मळ्यात गेला त्या दिवशी,
बाहेरून कुलूप घालून
त्यांनी अख्खी बॉडी आत कोंडली होती.
मला म्हणाल्या, मधलं नाव बारीक काढ रे,
म्हंजे माहं मोठं दिसंल.
काढलं.

त्यांच्यानंतर प्रशासक, सव्वा वर्ष.
त्याचं नाव कुणालाच आठवेना,
नुसतं 'प्रशासक' लिहिलं.
ओल्या रंगात एक माशी चिकटली, ती तशीच राहू दिली.

शेवटी तीन ओळी रिकाम्या सोडल्या, सवयीनं.

संध्याकाळी बिल दिलं.
कांबळेच्या ओळीचे पैसे वेगळे मांडले होते, चाळीस वर्षांचे.
ग्रामसेवकानं चष्मा वर केला.
हे कशाचं?
म्हटलं, लिहा की,
थकबाकी.