मानशीचं दार

अवसेची भरती पावणेबाराला भरणार होती,
हे मला ठाऊक होतं.
मानशीचा लिलाव घेतलेल्या माणसाला
पंचांग उघडावं लागत नाही,
पाणी पोटरीत कळतं.

तू कधी येणार, ते मात्र
पणजीच्या डॉक्टरीणबाईंनाही नीट कळलं नव्हतं.
अजून पंधरा दिवस, त्या म्हणाल्या होत्या,
आणि सुकी सुंगटं डब्यात भरता भरता
सुकांतीने एकदम कमरेवर हात ठेवला.

दिवाडीची शेवटची फेरी गेलेली.
पलीकडे रायबंदरच्या धक्क्यावर रुग्णवाहिका,
तिचा निळा दिवा पाण्यावरून
आमच्या कुडापर्यंत यायचा, परत जायचा.
ड्रायव्हर फोनवर सांगत होता,
आम्ही पोचलो हो,
बोटीचा इंजिनवाला पोचायचाय.

म्हणून इस्मेनिया आली,
इस्पितळातून रिटायर झालेली,
गुडघे धरत, कपाळाला टॉर्च बांधून,
पायात मुलाच्या फुटबॉलचे मोजे.
पाणी तापव म्हणाली. मी तापवलं.
कात्री उकळ म्हणाली. उकळली.
मग म्हणाली, दोरी हाडून दी.
घरात एकच दोरी होती जाड,
मानशीच्या जाळ्याची.
ती सोडून मी आढ्याच्या वाशाला बांधली
तेव्हा कळलं, आज जाळं लागत नाही.
अवसेची रात्र, वर्षातली मोठी,
खाजनातलं सगळं धन
दारातून खाडीला जाणार,
आणि लिलावाचे सत्तर हजार अजून देणं.
हा हिशेब मी त्या वेळी केला,
तुला सांगून ठेवतो. केला.

सुकांती दोरीला लोंबकळली.
दोरीला सुंगटांचा वास,
तिला ओकारी आली, मग हसू आलं,
मग दोन्ही गेलं आणि ती
मी कधीच न ऐकलेल्या आवाजात
माझ्या आईला शिव्या देऊ लागली.
मी पाठीमागून तिला धरलेलं,
तिचं वजन माझ्या मांड्यांवर,
तिची वेणी माझ्या तोंडात.

पावणेबारा झाले.
पाणी थांबलं, आणि फिरलं.
माझा बाप म्हणायचा,
भरतीला जीव येतो, ओहोटीला जातो,
तो स्वतः ओहोटीलाच गेला होता.
एक वाजला. दोन.
खाली दूर बांधावर पाणी दार ढकलत होतं,
तो लाकडाचा कण्हणारा आवाज
मी झोपेतही ओळखतो.
मी इस्मेनियाच्या कानाशी लागलो,
ओहोटी लागली गो.
तिने टॉर्च माझ्या डोळ्यांत मारला.
दर्याक कितें कळटा बायलांचें?
धर तिका घट.

मी धरलं.
कसं सांगू पुढचं.
आधी काळा ओला ठिपका, खडकासारखा,
परत आत गेला.
परत आला.
मग एक खांदा फिरला, कुणी न शिकवता,
आणि तू इस्मेनियाच्या हातात सांडलीस,
निळसर, गप्प,
नाळ अजून धडधडणारी.

गप्प.
मी आयुष्यात कधी
एवढा वेळ कोणाच्या ओरडण्याची वाट पाहिली नाही.
कुत्रं भुंकलं आधी.
मग तू.

सकाळी साडेपाचला नर्स बोटीतून उतरली
तेव्हा तू दूध पीत होतीस.
वजनकाटा गाडीत राहिला, ती म्हणाली,
तर मी माझा आणला, मासळीचा,
तीनदा साबणाने धुतलेला.
सुकांतीच्या जुन्या साडीची झोळी,
तीन किलोला दोन बोटं कमी.
आकड्यावर कुठेतरी राहिलेलं एक खवलं
तुझ्या कपाळावर चिकटलं,
ते मी काढलं नाही, नर्सने काढलं.

उजाडल्यावर बांधावर गेलो.
दार उघडं, जाळं नाही,
खाजन रिकामं, चिखलात बगळे.
पाण्याने आपलं काम केलं होतं,
मला न विचारता.
मी तिथेच बसलो, हात वासाचे,
आणि भरती परत लागून
दार आपोआप मिटेपर्यंत
उठलो नाही.

दोरी अजून वाशालाच आहे.
नवी घेतली, उधारीवर.