नामंजूर, ३:१२

कारखान्याचा पासवर्ड भिंतीवरच होता,
कपडे बदलायच्या खोलीत, रबरी बुटांच्या रांगेवर,
जाड मार्करने लिहिलेला: एर्सिरा८७.
शेजारी कुणीतरी एक होडी काढलेली, शीड वाकडं.

केयॉन गावात तो सगळ्यांना पाठ.
पाव विकणाऱ्या नोल्फाला, फेरीबोटीची वाट बघणाऱ्या पोरांना,
तीन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या हिशेबनिसाला.
गुपित षट्कर्णी झालं की संपलं म्हणतात;
हे तर बाराशे कानांत होतं,
आणि सॅमनच्या वजनकाट्यांचे आकडे
त्याच हवेतून जात होते.

म्हणून मी. प्वेर्तो मोंतहून दोन पेट्या घेऊन आलेली.
शीतगृहामागे, कंप्रेसरच्या घरघरीत,
दोन सर्व्हर उभे केले. एक झोपला तर दुसरा जागा.
छतावरच्या प्रत्येक अँटेनाला वेगळं गुपित दिलं, बत्तीस अक्षरी,
जे मलाही आता आठवत नाही. तेच बरं.
मग प्रमाणपत्रं, माणसागणिक एक.
नियम असा: आधी सर्व्हरने आपली ओळख पटवायची,
मग आत येणाऱ्याने आपली.
हे बहिणीला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
जरा आमच्या बँकेला शिकव.

पहिल्या दिवशी कुणीच आत येईना.
दोन तास मी केबली उपसत होते.
दुसऱ्या सर्व्हरचं घड्याळ अकरा वर्षं मागे,
गुंडीएवढी बॅटरी मेलेली.
त्याच्या लेखी माझी सगळी प्रमाणपत्रं
अजून जन्मालाच आली नव्हती.

बुधवारी बदल केला. जाळ्याचं नाव तेच, कुलूप नवं.
भिंत पुसायला मात्र कुणी फडकं उचलेना.
"राहू दे," मुकादम मिर्ता म्हणाली,
"आता त्यानं उघडतंय काय?"

गुरुवारी सकाळी, माते पीत, लॉग वाचायला घेतला.
३:१२. नामंजूर.
३:१२. नामंजूर.
३:१३.
एकोणीस वेळा, फाटकाजवळच्या अँटेनावर.
नावाच्या रकान्यात कुणीतरी लिहिलेलं: एर्सिरा.
मग: डोन्या एर्सिरा.
मग: एलिसेओ नावेलकिन.
आणि शेवटच्या खेपेला, त्याच रकान्यात:
मी आहे

मिर्ताने कप खाली ठेवला. होडी त्याची होती.
कर्जात कंपनीकडे गेली, तोडली, लाकूड चुलीत.
तो मग सोळा वर्षं इथेच रात्रपाळीचा पहारेकरी.
पहिला राउटर बसवणाऱ्याने विचारलं, काय नाव ठेवू?
फाटकावर तेव्हा हाच होता.
मुलगी नॉर्वेत, सॅमनच्याच दुसऱ्या कारखान्यात;
इथले तीन म्हणजे तिथले सकाळचे नऊ, तिची सुट्टी.
त्याच्या टेकडीवर सिग्नल नाही.

त्या रात्री मी फाटकाशी थांबले. धुकं एवढं
की गाडी आधी ऐकू आली, मग दिसली.
इंजिन बंद. काचेवर श्वास.
मोबाइलच्या उजेडात एक हनुवटी,
एक बोट, हळू, एकेक अक्षर शोधणारं.
मी टकटक केलं
आणि आधी माझं नाव सांगितलं.

पाहुण्यांचं वेगळं जाळं केलं. तीन ते पाच. फक्त फाटकापाशी.
वजनकाट्यांकडे वाट नाही.
फॉर्ममध्ये एक रकाना असतो, परवानगीचं कारण,
तो रिकामा सोडता येत नाही.
नातेवाईक? नाही. कर्मचारी? आता नाही.
कंप्रेसर थांबला, पुन्हा सुरू झाला.
लिहिलं: पूर्वीचा पासवर्ड.

३:१२. मंजूर.
मग पाऊण तास लॉगमध्ये काही नाही.