देवमासा

आमच्या भाषेत एकच शब्द आहे
देवमाशाच्या शिकारीला आणि या दुखण्याला.
जुन्या चिनी अक्षरांत लिहिलं तर वेगळे दिसतात म्हणे,
तोंडात मात्र दोन्ही सारखेच.
म्हणून सहावीच्या हिवाळी सुटीत
आई म्हणाली, चल, देवमासा धरायला जाऊ,
तेव्हा मी दुर्बीण घेतली.
उल्सानचं पोरगं मी, बंदर बसने वीस मिनिटं.
बस बंदराकडे वळलीच नाही.

दवाखान्यात वर्गातले आणखी तिघे बसलेले,
एकमेकांच्या बुटांकडे बघत.
नंतर चड्डीत कागदी पेला, चिकटपट्टी लावून,
आणि चौघे फेंगडे चालत कटलेट खायला.
आया हसत होत्या. एकीने फोटो काढला.
आहे अजून तो. गळ्यात दुर्बीण.

आता हानग्यॉल सहा वर्षांचा.
लघवीला चल म्हटलं की टेबलाखाली जाऊन बसतो.
दोनदा ताप येऊन गेला,
एकदा रात्री दोनला टॅक्सी, इस्पितळ.
डॉक्टरबाईंनी कागदावर स्वेटर काढला,
गळा इतका तंग की डोकं निघत नाही असा.
मलम लावा, म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ, सहा आठवडे.
जोर करून ओढू नका.
बहुतेकांचं सैल होतं.
नाहीच झालं तर मग बघू. घाई नाही.

'घाई नाही' मी खिशात घालून घरी आणलं,
यॉन-जूने 'नाहीच झालं तर'.

भूल देऊन एकदाच काय ते होऊन जाऊ दे, ती म्हणते.
रडताना त्याला धरते ती.
मी रात्रपाळीला, जहाजाच्या पोटात,
वेल्डिंगच्या मुखवट्याआड.
तिचं म्हणणं खोडायला माझ्यापाशी आहे काय?
एक दुर्बीण.

आईचा फोन आला.
तेव्हा सगळ्यांचंच केलं, तू काय मेलास?
नाही मेलो.
पण तू खोटं बोललीस, आई.
तीस वर्षं हे वाक्य जिभेवर आहे.
आजही म्हणालो ते एवढंच: जेवलीस का.

परवा भांडी पुसता पुसता यॉन-जूने विचारलं,
फार दुखलं होतं तुला?
आठवत नाही.
मग आठवतं काय?
बस वळली नाही, ते.
बशी हातात तशीच धरून ती उभी राहिली.
मग म्हणाली, कापायचं ठरलं तरी ठरू दे,
पण त्याला आधी सांगायचं.
सगळं. आहे त्या शब्दांत.
आणि कटलेटचं आमिष नाही.
मी म्हटलं, कटलेट असू दे की.
ती हसली, खूप दिवसांनी. मग रडली,
आणि मलमाची ट्यूब सापडेना म्हणून
आम्ही दोघांनी सगळं स्वयंपाकघर उपसलं.
फ्रिजवर होती.

हा चौथा आठवडा.
रविवारी त्याला बंदरावरच्या संग्रहालयात नेलं.
छताला टांगलेला सांगाडा, खाली गंजका भाला.
हानग्यॉलने भाल्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
बरगड्या मोजत होता, चौदावर चुकला,
पुन्हा पहिल्यापासून.
मग माझी बाही ओढली. बाबा, लागलीये.

दाराशी उभा राहिलो.
येऊ का आत?
नको.
समोरच्या भिंतीवर पाणबुड्यांचे फोटो,
एकही पाहिला नाही मी.
आत पाण्याचा आवाज सुरू झाला,
थांबला.
मी श्वास धरला, जहाजात धूर होतो तेव्हा धरतो तसा.
पुन्हा सुरू झाला.

बाहेर आला तो चड्डी वर ओढत.
दुखलं?
सुरुवातीला, म्हणाला.
आणि लगेच: देवमासा लघवी करतो का रे?
मला माहीत नव्हतं.
खरंच माहीत नाही, असं मी त्याला सांगितलं.