पंचेचाळीस अंश

दांडिया बाजारात, सायकलवाला आणि पिठाची गिरणी यांच्या मधे
आमच्या बापाचं दुकान: ओहोळ फ्रेमिंग वर्क्स.
दिवसभर तिथे देव भिंतीला टेकून उभे असत,
अंबामाता, श्रीनाथजी, दत्त, कुणाकुणाचे कुलस्वामी,
आणि बाप, फत्तेगंजच्या मराठी उपासनेतला वडील,
हिऱ्याच्या कलमाने काच कापत बसे.
काच आधी बारीक किंचाळते, मग शांत तुटते.
मला ते पाढ्यांच्याही आधीपासून पाठ आहे.

देवाचं चित्र त्याने कधी उघड्या फरशीवर ठेवलं नाही.
खाली जुना कागद अंथरायचा.
"कुणीतरी याच्यापुढे रडलेलं असतं, सुवार्ता,
ते रडणं खरं असतं."
घरी मात्र भिंती कोऱ्या.
एक कॅलेंडर, तेही डेअरीचं, तारखांपुरतं.
क्रूससुद्धा नाही. शेजारची मेघल विचारायची,
तुमचा देव बाहेरगावी गेलाय का?

मंडळीत कुजबुज झालीच.
पाळक घरी आले, चहा गार होईपर्यंत दुसऱ्या आज्ञेवर बोलले.
बापाने सगळं ऐकून घेतलं,
मग त्या कोड गेलेल्या अरामी सरदाराची गोष्ट काढली:
धनी माझ्या हातावर रेलून त्याच्या देवळात वाकेल,
तेव्हा मलाही वाकावं लागेल,
तेवढं एक माफ असावं.
"आणि संदेष्टा त्याच्यावर ओरडला का, साहेब?
निश्चिंत जा म्हणाला.
माझ्या हातावर अख्खं बडोदं रेलतं.
मी फक्त कोपरे जुळवतो."

हात थांबलेला मी एकदाच पाहिला.
मंगळ बाजारातला कापडवाला शंभराची नोट घेऊन आला,
पहिल्या कमाईची, कुंकू लावलेली, जरीवर चिकटवलेली.
"जाडी सोनेरी पट्टी मूकजो, ओहोळभाई."
बापाने ती बराच वेळ उजेडात धरली.
"हा देव जड आहे," स्वतःशीच म्हणाला, मराठीत.
फ्रेम करून दिली. मजुरी घेतली नाही.
का, ते सांगितलं नाही.

मग आई गेली. मार्च, परीक्षेचे दिवस.
त्याने तिचा फोटो मोठा करून आणला,
सागवानी पट्टी, दोन पुठ्ठे,
कोपऱ्यात नख शिरणार नाही असा काप,
आणि आमच्या भिंतीत पहिला खिळा ठोकला.
रात्रीच्या प्रार्थनेला तो खुर्ची सरकवू लागला,
आधी वीतभर, मग हातभर.
डोळे मिटलेले, पण तोंड तिकडे.
"हे प्रभू" म्हणायच्या आधी
त्याचा आवाज तिला विचारून यायचा.
मला दिसत होतं. मी बोलले नाही.
माझीही खुर्ची सरकलेली होती.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी
फोटो पेटीत गेला, तिच्या साड्यांच्या घडीत.
"ती ऐकत नाही गं," बाप म्हणाला.
"ऐकणारा वेगळा आहे. आणि तो कधीचा खोळंबलाय."

पण भिंतीवर एक उजळ चौकोन राहिला.
चार महिने तो त्या चौकोनाकडेच बघत होता.
असलेल्या चित्रापेक्षा नसलेलं जास्त ठळक.
शेवटी ईस्टरच्या आदल्या रात्री त्याने चुना कालवला
आणि पूर्ण भिंत मारून काढली,
कोपरापर्यंत पांढरा, हुंदके देत,
खिळ्याचं भोकसुद्धा बोटाने बुजवलं.

आता तोही नाही. दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.
आणि मी, सयाजीगंजात तिसऱ्या मजल्यावर,
येईल त्याला सांगते: असा होता आमचा बाप, अशी ती भिंत.
सांगताना आवाज आपोआप खाली येतो,
जसा देवळात येतो.
चारी बाजू बसत जातात.
काच तेवढी लावायची उरते.

काल सांगता सांगता मधेच थांबले.
पुढे काय झालं? पाहुणे म्हणाले.
काही नाही, म्हटलं.
चहा घ्या, गार होतोय.