शोकसभा, मागची खुर्ची

सीताबर्डीच्या सभागृहात कूलर घरघरतो आहे.
एक वक्ता म्हणतो, लांजेवार मुळात समीक्षक;
दुसरा म्हणतो, नाही हो, कादंबरीकारच,
समीक्षा आपली जोडधंद्यासारखी.
माइक खरखरतो. कुणीतरी घड्याळ बघतं.

मला कुणी विचारलं नाही. बरंच झालं.
महालातल्या छापखान्यात बावीस वर्षं
मी त्यांची मुद्रितं वाचली.
टीकालेख यायचा तो इस्त्री केल्यासारखा,
एक काना इकडचा तिकडे नाही,
आणि त्यात कुणाची तरी आयुष्यभराची कादंबरी
दीड ओळीत निकालात.
अशाच एका दीड ओळीपायी
पुसदच्या एका मास्तरांनी लिहिणं सोडलं.
हे आज कुणी काढणार नाही.

कादंबरी मात्र यायची
खोडून, चिकटवून, बाण काढून, परत खोडून.
खिळे जुळवणारा गुलाब शेंडे म्हणायचा,
"हे पान आहे का इतवारीचा नकाशा?"

एकदा मे महिन्यात, रात्री अकराला,
सायकलवर आले. फर्मा यंत्रावर चढलेला.
म्हणाले, थांबवा. ती संत्रेवाली
शेवटी रडते ना, ते काढा.
मग काय करते? मी विचारलं.
बराच वेळ शाईच्या डब्याकडे बघत राहिले.
"फुटकी संत्री वेगळी काढते," म्हणाले. "तेवढंच."

त्या रात्री सायकलवरून नेमकं कोण आलं होतं,
मला अजून ठरवता येत नाही.

अध्यक्ष उभे राहतात. दोन मिनिटं स्तब्धता.
मी त्या मास्तरांचं नाव आठवून बघतो.